ह्या मेसेजचं गाव कोणतं?

कामं आटोपली असतील, नसतील तर हात चालू ठेवूनच ऐका. भाकरी थापता थापता रेडिओ ऐकता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. मोबाइलचं तसं नाही. त्याला हात लागतो, डोळा लागतो आणि पीठ लागलेल्या बोटानं तो उघडतही नाही.

आज मोबाइलबद्दलच बोलायचं आहे. पण मोबाइल वाईट, पोरं बिघडली, बायकांना काम उरलं नाही, असलं काही मी बोलणार नाही. ते ऐकून तुमचे आणि माझे दोघींचेही कान किटलेत. मला बोलायचंय ते आपण एकमेकींना जे पाठवतो त्याबद्दल. बचत गटाचा ग्रुप असतो, माहेरचा असतो, शाळेतल्या पालकांचा असतो. सकाळी आधी फुलं येतात, मग देव येतात आणि मग गमती सुरू होतात. कुठं एखादी आजी ट्रॅक्टर चालवतेय, कुठं नवरी घोड्यावरून वरात काढतेय, तर कुठं भोपळा एवढा मोठा की दोन माणसांना उचलेना. आपण बघतो, हसतो आणि लगेच बोट सरकवून पुढं पाठवतो.

ह्या पाठवण्यात आनंद आहे, आणि तो बायकांचा जुना आनंद आहे. नवं काही कळलं की ते पोटात ठेवायचं नाही, दुसरीला सांगायचं. विहिरीवर हेच चालायचं, हळदीकुंकवाला हेच चालायचं. एकीच्या माहेरची चटणी दुसरीच्या सासरी पोचायची ती अशीच. फरक एकच होता. विहिरीवर जी सांगायची ती समोर उभी असायची. कोणाची कोण, खरं बोलणारी की तिखटमीठ लावणारी, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. परगावची बाई असली तर पाणी भरायच्या आधी तिला पहिला प्रश्न असायचा, "कोण गावच्या गं तुम्ही?" मोबाइलमध्ये आलेल्या गोष्टीला हा प्रश्न आपण विचारतच नाही. माझं आजचं बोलणं एवढ्याच एका प्रश्नाचं आहे.

आधी एक चांगली गोष्ट सांगते. नगर जिल्ह्यात सारोळा कासार म्हणून गाव आहे. तिथल्या सुमन धामणे, सत्तरीच्या घरातल्या आजी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांच्या नातवानं त्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. नाव दिलं 'आपली आजी'. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लोकांनी असा उचलून धरला की आजी महाराष्ट्रभर पोचल्या. कारल्याची भाजी बघा, पुरणपोळी नाही! साधी रोजची भाजी, गावाकडचा मसाला आणि आजीचं बोलणं. २०२० च्या ऑक्टोबरात कुणी तरी त्यांचं चॅनल चोरलं होतं, म्हणजे त्याचा ताबा दुसऱ्याच्या हातात गेला होता. काही दिवसांनी ते परत मिळालं. एका आजीच्या भाजीवर चोरांनी नजर ठेवावी, म्हणजे त्या भाजीची किंमत किती असेल ते बघा.

आणि किंमत खरंच असते. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्ये जाहिराती लागतात. किती लोकांनी बघितलं त्यावर करणाऱ्याला पैसे मिळतात. आता आपण काय करतो? कुणी तरी तो व्हिडिओ उतरवून घेतो, वरचं नाव कापतो आणि नुसता तुकडा ग्रुपवर टाकतो. तो तुकडा लाख जणांनी बघितला तरी करणारीच्या खात्यात एक पैसा जात नाही, कारण ते बघणं तिच्या दारात झालेलंच नसतं. तोच व्हिडिओ लिंक म्हणून पाठवला, म्हणजे निळ्या अक्षरांची ती ओळ पाठवली, तर बघणारी तिच्या चॅनलवर जाते. तिचं नाव दिसतं, तिची मोजणी होते. कष्ट दोन्हीकडे सारखेच, बोटाचे. पण एकीत तिचं नाव राहतं, दुसरीत पुसलं जातं. आपल्यातल्या किती तरी जणी पापड, लोणची, मसाले करतात. आपल्या पुडीवरचं लेबल काढून कुणी दुसऱ्यानं आपला मसाला वाटला तर कसं वाटेल?

बरं, आता खरं-खोटं. ह्यात एक गंमत आहे. ऐकायला खोटं वाटतं ते कधी कधी खरं निघतं आणि ऐकायला गोड वाटतं ते खोटं निघतं. करमाळा भागात चित्रीकरण झालेला, गावच्या पोरांना घेऊन केलेला 'सैराट' २०१६ मध्ये आला. त्याच्या गाण्यांमधला तो मोठा वाद्यवृंद अमेरिकेत, लॉस एंजेलिसला वाजवून घेतला होता. ऐकून वाटतं, कुणी तरी फेकतंय. पण ते खरं आहे, अजय-अतुल यांनीच सांगितलेलं आहे. उलट दर ऑगस्टला एक मेसेज येतो, युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वांत उत्तम राष्ट्रगीत ठरवलं म्हणून. छाती भरून येते, बोट आपोआप पुढं सरकतं. पण युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही. तसं त्यांनी २००८ च्या सुमाराला सांगूनही झालंय. तरी मेसेज दर वर्षी नवा होऊन येतोच, पोळ्याच्या बैलासारखा रंगवून. आपलं राष्ट्रगीत आपल्याला प्यारं आहेच, त्याला परक्याचं सर्टिफिकेट कशाला हवं, हे माझं मत. पण ह्या मेसेजनं कुणाचं नुकसान होत नाही, म्हणून त्याच्यावर जास्त वेळ घालवत नाही.

नुकसान होतं ते दहा रुपयांच्या नाण्यासारख्या गोष्टींनी. आठवतं ना? दुकानदार नाणं घेईना, वडापवाला घेईना, आठवडी बाजारात भाजीवाली हात मागं घ्यायची. कारण काय, तर मोबाइलवर फोटो आला होता. एका नाण्यावर दहा रेषा, दुसऱ्यावर पंधरा, एकावर रुपयाची खूण, दुसऱ्यावर नाही, म्हणून एक खरं आणि दुसरं खोटं. खरी गोष्ट अशी की नाणी सरकारी टांकसाळीत पडतात आणि वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं चित्र घेऊन येतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की तोवर दहा रुपयांच्या नाण्याचे १४ प्रकार निघालेत आणि चौदाही चालतात. पण बँकेचं सांगणं गावात पोचायला किती दिवस लागले आणि त्या फोटोला किती लागले, ह्याचा हिशेब तुम्हीच करा. आणि मधल्या काळात फटका बसला कुणाला? ज्यांचा व्यवहार दहा-दहा रुपयांचा आहे त्यांना. म्हणजे कोथिंबिरीची जुडी विकणारीला, पाच-दहाची चिल्लर जमवून गटाचा हप्ता भरणारीला. मोठ्या माणसाच्या खिशात नाणी कुठं असतात?

नाण्या-नोटांचाच दुसरा प्रकार ह्याहून वाईट. ट्रॅक्टरचं चित्र असलेली जुनी पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील, असा व्हिडिओ येतो. आपण डबे धुंडाळतो, एखादी नोट सापडतेही. मग त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. नोट पसंत आहे म्हणतो, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागदही पाठवतो. आणि मग म्हणतो, पैसे सोडवायला आधी थोडा कर भरा. मग कमिशन, मग नोंदणी. जाणारे पैसे आपलेच असतात, येणारे कधीच येत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये ह्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. आम्ही असल्या व्यवहारात नसतो आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही मागत नाही, असं बँकेनं स्पष्ट सांगितलं होतं. कुणी फसली असेल तर लाजून गप्प बसू नका. १९३० ह्या नंबरवर लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. फसवणाऱ्याला लाज नाही, फसलेलीनं का वाटून घ्यावी?

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे. शेजारी लहान मुलं असली तर त्यांना अंगणात पाठवा.

पाकिस्तानात कराची शहरात 'रोशनी' नावाची संस्था आहे. हरवलेल्या मुलांसाठी ती काम करते. त्या संस्थेनं २०१६ मध्ये एक छोटी फिल्म काढली. गल्लीत मुलं खेळतायत. मोटरसायकलवरून दोघे जण येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. बघताना काळजात धस्स होतं. पण फिल्म तिथं संपत नाही. ती मोटरसायकल परत येते, मुलाला उतरवते आणि माणूस हातातला फलक उलगडून दाखवतो. त्यावर लिहिलेलं असतं की मूल पळवायला एक क्षण पुरतो, मुलांकडे लक्ष ठेवा. चांगल्या मनानं काढलेली फिल्म होती ती. आईबापांना सावध करण्यासाठी नाटक केलं होतं.

कुणी तरी तिचा शेवट कापला. परत येणारी मोटरसायकल गेली, फलक गेला. उरलं ते एवढंच, दोन माणसं आणि पळवलेलं पोर. गावाचं नाव नव्हतंच, तारीखही नव्हती. २०१८ च्या उन्हाळ्यात तो तुकडा भारतभर फिरला. ज्या राज्यात जाईल तिथल्या भाषेत त्याच्यासोबत ओळ जोडली जायची, ही टोळी आपल्या भागात आलीय, सावध राहा. आणि हे पुढं पाठवणारे कोण होते? बहुतेक आईबापच. लेकरांच्या काळजीनं पाठवत होते. बायांनो, हे नीट लक्षात घ्या. त्यात दुष्टपणा नव्हता, काळजी होती.

तसल्याच अफवा, तसलेच फोटो आणि तुकडे आपल्या महाराष्ट्रातही फिरत होते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढ्यांचा धर्म आणि पोटाचा धंदा. ह्या लोकांना आपण ओळखतो. आपल्या आज्यांनी त्यांना पसाभर धान्य घातलंय. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असा संशय घेतला गेला. मुलं पळवणारी टोळी, अशी ओरड झाली. जमाव जमला. त्या पाचही जणांना इतकं मारलं की पाचही मेले. आणि त्या मारण्याचेही व्हिडिओ काढले गेले, तेही फिरले. २०२४ मध्ये न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे पाच घरं उघडी पडली आणि सात घरांतले कर्ते तुरुंगात गेले. पळवलेलं पोर? कुणाचंच पळवलेलं नव्हतं.

त्याच दिवसांत त्रिपुरात काय झालं तेही सांगते. अफवांवर विश्वास ठेवू नका असं भोंग्यावरून सांगत फिरायला सरकारी खात्यानं एक माणूस नेमला होता. तो गाडीतून गावोगाव फिरत होता. लोकांनी त्यालाच पोरं पळवणारा समजून मारून टाकलं. मी स्वतः माइकसमोर बसून बोलणारी बाई. ही गोष्ट मला सुखानं झोपू देत नाही.

ह्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं काही बदल केले. पुढं पाठवलेल्या मेसेजवर बारीक बाण दिसायला लागला. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. पुढं पुष्कळदा फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाण येऊ लागले, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता बघा. एक बाण म्हणजे ज्यानं पाठवला त्यानं लिहिलेला नाही. दोन बाण म्हणजे तो इतके उंबरे ओलांडून आलाय की पहिला उंबरा कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन बाण दिसले की मी तरी हात आखडता घेते. खोटाच असेल असं नाही, पण अनोळखी आहे.

मग करायचं काय? मोठं काही नाही. ज्या बाईनं पाठवला तिलाच फोन लावायचा. "ताई, हे कुठलं आहे? तुम्ही बघितलंत का? कधीचं आहे?" दहातल्या नऊ वेळा ताई म्हणतील, "मला पण आलंय गं." झालं, उत्तर मिळालं. आपल्या तालुक्याबद्दल काही असेल तर ते तपासणं सोपंच असतं. पोलीस पाटील आहेत, अंगणवाडीताई आहेत, आशाताई आहेत. खरंच एखादं मूल हरवलं असेल तर १०९८ आणि ११२ हे नंबर आहेत, तिथं फोन करायचा. हरवलेल्या मुलाचा फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो, मूल केव्हाच घरी परतलेलं असतं आणि लग्नाच्या वयाचं झालं तरी त्याचा लहानपणीचा फोटो "हरवला आहे" म्हणून येतच असतो. म्हणून तारीख विचारायची. आणि व्हिडिओ असेल तर तो अचानक तुटल्यासारखा संपतो का, हे बघायचं. अर्ध्यावर तुटलेल्या व्हिडिओचा शेवट कुठं तरी असतोच.

कुणी म्हणेल, एवढी चौकशी केली तर लोक हसतील. हसू द्या. बाजारात मिरची घेताना आपण देठ बघतो, वास घेतो, एखादी मोडून बघतो, तेव्हा कुणी हसत नाही.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. हळदीत नाचणारी बाई, मंगळागौरीत फुगडी घालणारी बाई, तिचाही व्हिडिओ ही कुणाला तरी सापडलेली 'गंमत' असते. ती चार भिंतींत, आपल्या माणसांत नाचलेली असते. तिला न विचारता तो गावच्या ग्रुपवर टाकला की दुसऱ्या दिवशी तिच्या घरी काय होतं, हे मी रेडिओवरून सांगायची गरज नाही. काढणारी आपलीच पुतणी, भाची असते. तिला आधीच सांगून ठेवा, "काकूला दाखव, काकू हो म्हणाली तर पाठव."

आता शेवटाकडे येते. पण आधी जात्याजवळ जाऊ. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गायच्या. एकीची ओवी दुसरीच्या तोंडी जायची, लेकीबरोबर सासरी जायची, हे सगळं पाठवणंच होतं. त्यात ओवी रचणारीचं नाव मागं पडायचं. कोणी म्हणेल, तिला नाव नकोच होतं. मला ते पटत नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉयटवँ, ह्या दोघांनी १९८० च्या दशकापासून हे विचारायला सुरुवात केली. गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया. आणि प्रत्येक ओवीसोबत लिहून ठेवलं ते हे, गाणारी कोण, गाव कोणतं, तालुका कोणता. पुढं काही ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून त्या 'पारी' ह्या ठिकाणी इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मोबाइलवर 'जात्यावरच्या ओव्या पारी' एवढं बोललात तरी सापडतील. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथं आहे. १९९६ मध्ये मुद्रित केलेला. वनवासात एकट्या पडलेल्या सीतेची समजूत बोरी-बाभळी घालतात, असं त्या गातात. जिला घरचं कुणी उरलेलं नाही अशी बाई कशी गाते, ते कान देऊन ऐका. गंगूबाई आज नाहीत. आवाजाबरोबर त्यांचं नाव आणि त्यांचं गाव मात्र लागलेलं आहे, कुणी कापलेलं नाही.

इंटरनेटवर सापडलेली ही माझी सगळ्यांत आवडती वस्तू. ती मी ग्रुपवर पाठवली तेव्हा पहिल्यांदा फक्त दोन जणींनी उघडली. फुलांच्या सुप्रभातला चाळीस अंगठे येतात, हिला दोन! पण त्या दोघींपैकी एकीनं संध्याकाळी आपल्या सासूला बसवून ऐकवलं. सासूबाई मध्येच म्हणाल्या म्हणे, "असं नाही, आमच्याकडे हे वेगळं म्हणतात," आणि म्हणून दाखवायला लागल्या.

तर पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमासाठी आम्हाला तुमच्याकडच्या अशा गोष्टी हव्या आहेत. सासूबाईंची ओवी असेल, आईचा उखाणा असेल, आजीनं सांगितलेलं एखादं औषध नको, ते डॉक्टरांकडे राहू द्या, पण एखादी विसरलेली भाजी, एखादा खेळ चालेल. मोबाइलवर रेकॉर्ड करा. बटण दाबल्यावर लगेच गायला सुरुवात करू नका. आधी ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारा, रेडिओवर लावलं तर चालेल का. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्याच तोंडून नाव आणि गाव म्हणवून घ्या. माहेरचं म्हणायचं की सासरचं, असा प्रश्न त्या हटकून विचारतील. दोन्ही म्हणू द्या.